पुढची गाडी

१

माझा धाकटा भाऊ सिदू गाडी हाकायचा ती बैलांकडं पाठ करून. हातात कासरा, एक पाय खाली लोंबता आणि तोंड मागं बसलेल्या माणसांकडं. वाट त्याच्या पाठीमागं सरत जायची आणि तोंडाचा पट्टा आमच्यापुढं सुरू राहायचा. कुणाच्या म्हशीनं कुणाचा कडबा खाल्ला, कोणत्या लग्नात वरण पातळ झालं, सगळ्याची खबर त्याच्याकडं. मी म्हणायचे, "सिद्या, म्होरं बघ की मेल्या." तो म्हणायचा, "म्होरं बघाया बैल हायेत, आक्का. दोघांचं मिळून चार डोळं हायेत, माझं दोन कशाला खर्च करू?" असं बोलून तो स्वतःच हसायचा, आणि त्याला हसताना बघून मलाही हसू यायचं.

खरं सांगायचं तर त्याची गाडी कधी उलटली नव्हती. गेंद्या आणि बाण्या हे त्याचे बैल वाट जाणून होते. नवरा म्हणायचा, सिदू झोपला तरी बैल त्याला घरी आणून टाकतील. आमच्याकडं ही चेष्टा नव्हती, बहुतेक गाडीवान तसेच घरी पोचायचे.

त्या दिवशी मात्र मला चेष्टा सुचत नव्हती. आम्ही अंजनाला माहेरी आणत होतो. मानमोडीच्या तापात माझी दोन लेकरं एका आठवड्यात गेली आणि अंजना तेवढी राहिली. तिला मांजरसुंब्याच्या पल्याड, घाटावर दिली होती. आता तिला दिवस गेले होते, पोट चांगलंच वर आलं होतं, आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे म्हणून मी तलवाड्याहून, आमच्या गावाहून, हट्टानं आले होते. तिची सासू पाठवायला राजी नव्हती. "घाटात हिसका बसला तर?" असं ती सारखी म्हणत होती.

मी म्हटलं, "माझा भाऊ गाडी हाकतोय. पोरगी तुम्ही माझ्या हातात देताय तशीच परत देईन, आणि कडेवर नातू देईन." एवढं बोलून बसले आणि गाडीत चढल्यावर अंजनाखाली आणखी एक गोधडी घातली.

२

मांजरसुंब्याला भाकरी खाल्ली. ऊन तापलं होतं, पण खाली बीडला मुक्कामाला पोचायचं तर निघणं भाग होतं. तिथं बंकट भेटला. नेकनूरकडचा, सिदूच्या ओळखीचा, गाडीत ज्वारीची पोती घालून बाजाराला निघालेला. डोळे लाल, आवाज बसलेला. आदल्या दिवसापासून त्याला झोप नव्हती.

बरोबर जायचं ठरलं. आमच्या भागात दोन गाड्या असोत की दहा, चालतात त्या एकामागं एक, आणि वाट बघायची ती फक्त पहिल्या गाडीवानानं. मागचे बैल पुढच्या गाडीच्या मागून मुकाट जातात. म्हणून मागच्या गाड्यांतली माणसं बिनघोर झोपतात, आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही. पुढच्यानं मात्र पापणी लवू द्यायची नाही.

बंकट म्हणाला, "सिदू, तू म्होरं हो. पोरगी पोटुशी हाय, तिनं कावून धुरळा खावा? माझे बैल येत्यात तुझ्या मागनं. मी जरा आंग टाकतो."

"झोप की खुशाल," सिदू म्हणाला. "आज मी म्होरं हाय."

बंकटनं अंजनाकडं बघून "सांबाळून जा गं लेकी" असं म्हटलं आणि पोत्यांवर आडवा झाला. मला माणूस फार आवडला. आपल्या लेकीसाठी धूळ खायला तयार झालेला माणूस कोणाला आवडणार नाही?

३

घाटाच्या तोंडाशी करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. सरकारी जवान सावलीत पान चघळत बसला होता. त्यानं आमच्या गाडीत डोकावून बघितलं, अंजनाला बघून मान खाली घातली आणि जा म्हणून हात केला. मग सिदूला म्हणाला, "वो आगे गई सो गाडी तुमारेच लोगां की है ना? जरा बी रुके नै उन लोगां."

"कोन्ती गाडी, साहेब? आमीच म्होरं हाव."

जवानानं खांदे उडवले. सिदू आमच्याकडं तोंड करून म्हणाला, "पानात कायतरी जास्त पडलंय त्याच्या." अंजना हसली, तिला हसताना बघून मला बरं वाटलं, आणि ती गोष्ट तिथंच राहिली.

उतार लागला. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. सिदूनं घाट सुरू होताना थोडा वेळ तोंड पुढं केलं, माझ्या समाधानासाठी. पहिलं वळण गेलं आणि तो परत फिरला. त्याच्या सासऱ्याच्या रेड्याची गोष्ट अर्धी राहिली होती.

तेवढ्यात माझ्या दातांखाली कचकन लागलं. मी थुंकले. ओठांवरून जीभ फिरवली तर धूळ.

आता वाटेवर धूळ असायची, त्यात काय? पण आम्ही पुढं होतो. पुढच्या गाडीत बसलेल्याच्या तोंडात धूळ जात नाही, त्यासाठीच तर बंकटनं आम्हाला पुढं घातलं होतं. मी मनाशी म्हटलं, वारा असेल. पदर बघितला, तो हलत नव्हता. मग म्हटलं, शेळ्या गेल्या असतील. शेळ्या गेल्या तर लेंड्या दिसतात, वास राहतो. वाटेवर तसं काही नव्हतं. टपाच्या तोंडातून बघितलं तर बैलांच्या शिंगांपुढं पिवळसर धूळ लोंबत होती, आणि आम्ही जेवढं पुढं जावं तेवढी ती पुढं सरकत होती.

४

मी गाडीवानाची लेक, गाडीवानाची बहीण. बैल मला माणसांइतके कळतात. पहिल्या गाडीचे बैल मान वर ठेवून चालतात, कान हलवतात, हिरवं दिसलं की तिकडं ओढतात, त्यांना सारखं हटकावं लागतं. मागच्या गाडीचे बैल मान खाली घालतात. त्यांना काही बघायचं नसतं. पुढच्या गाडीच्या मागं नाक लावलं की झालं.

गेंद्या आणि बाण्या मान खाली घालून चालले होते.

सिदूनं त्यांना हटकल्याचं मी नाक्यापासून ऐकलं नव्हतं. कासरा त्याच्या मांडीवर सैल पडला होता. बैल तालात, एका चालीनं, कुणाच्या तरी मागं चालले होते.

"सिद्या," मी म्हटलं, "म्होरं कोण हाय?"

"म्होरं कोन आसंल? आपुनच हाव."

"बघ तरी."

तो कुरकुरत वळला. बराच वेळ त्यानं पुढं बघितलं. मग माझ्याकडं फिरला तेव्हा त्याचा चेहरा हलका झाला होता. "हाय की गं गाडी! जवान खोटं न्हवता बोलत. टप घातलेली हाय, आपल्यावानीच. लई झ्याक झालं, आक्का. आता माझी बी जोखीम गेली."

त्याचं चुकलं असं मी कुणाला पटवू शकले नसते. पुढं गाडी आहे म्हटल्यावर वाट बघायचं काम तिच्या गाडीवानाचं. सिदूनं कासऱ्याची गाठ मारून ती खुंटीला अडकवली, दोन्ही पाय वर घेतले, मांडी घातली आणि रेड्याची गोष्ट पुन्हा सुरू केली.

मी टपाच्या कडेनं खाली वाकले. बैलांच्या खुरांपुढची वाट मला नीट दिसत होती. माती पिठासारखी मऊ, दुपारच्या उन्हात जशीच्या तशी पसरलेली. आमच्या चाकांनी तिच्यावर दोन ओळी पडत होत्या. पुढं एकही ओळ नव्हती. खूर नव्हते, शेण नव्हतं. त्या वाटेवरून आमच्याआधी कुणीही गेलेलं नव्हतं.

५

मी टपाची कड धरून तशीच वाकून राहिले. डोकं मात्र चालू होतं. म्हणत होतं, छबे, ऊन लागलंय तुला. म्हणत होतं, धुळीनं चाकोऱ्या बुजतात. कान ऐकायला तयार नव्हते, कारण कानांना घुंगरं ऐकू यायला लागली होती. आमच्या बैलांच्या गळ्यात घुंगरं होतीच. पण त्यांच्या पलीकडं, थोडी पुढं, दुसरी वाजत होती, आणि आमची वाजत तेव्हाच तीही वाजत.

"मामा, मग रेडा कुठं सापडला?" अंजनानं विचारलं. तिचा हात पोटावर होता.

सिदू सांगायला लागला आणि धूळ थोडी विरळ झाली.

पुढं टप घातलेली गाडी होती. तिच्या मागच्या तोंडातून आतलं दिसत होतं. दोन बाया पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांच्यापलीकडं गाडीवान, मांडी घालून, बैलांकडं पाठ आणि तोंड मागं, म्हणजे थेट आमच्याकडं. त्याचं तोंड हलत होतं. चेहरा धुळीत होता, हलणारं तोंड तेवढं दिसत होतं. सिदू बोलला की ते हलायचं. सिदू हसायला थांबला की तेही थांबायचं. त्या गाडीत वाटेकडं बघणारं कुणी नव्हतं.

दोघींपैकी एक जाड होती, माझ्याएवढी. दुसरी बारीक, आणि तिनं एक हात पोटाशी धरला असावा असं तिच्या कोपरावरून वाटत होतं. तिनं मान वळवायला सुरुवात केली, हळूहळू, कुणीतरी मागून हाक मारल्यावर वळवतात तशी. कानातली कुडी दिसली. गालाची कड दिसली. आणखी तिळभर मान वळली असती तर मी तिला ओळखलं असतं, आणि ओळखायचं नव्हतं मला. देवाशपथ नव्हतं ओळखायचं.

त्या गाडीच्या पलीकडं वाट डावीकडं वळत होती. गाडी वळली नाही.

मी ओरडले की नाही ते आठवत नाही. सिदूच्या अंगावरून झेप घेऊन मी डावा कासरा दोन्ही हातांनी धरला आणि मागं रेटून ओढला. तळहाताची साल निघाली. गेंद्याची मान मुरगळली, तो डोंगराच्या अंगाला वळला, बाण्या फरफटत त्याच्यामागं आला आणि जू दगडाच्या भिंतीवर आदळून गाडी उभी राहिली. अंजना माझ्या पाठीवर येऊन पडली. दरीच्या बाजूचं चाक वाटेवरच होतं, पण त्याच्यापुढं वाट हातभर राहिली होती.

"आक्का, डोकं फिरलं का तुझं?" सिदू ओरडला. मग त्यानं पुढं बघितलं. त्याची पाठ इतका वेळ जिकडं होती तिकडं नुसतं आभाळ होतं.

६

"पोरी, लागलं का?" मी अंजनाला चाचपत होते. ती नाही म्हणाली. माझा हात धरून तिनं पोटावर ठेवला. आत हाललं, तेव्हा मी रडायला लागले.

त्या रडण्यात मला बंकटची गाडी ऐकू आली नाही.

त्याचे बैल आमच्या मागं येऊन उभे राहायला पाहिजे होते. पुढची गाडी थांबली की मागचे बैल थांबतात, त्यांना सांगावं लागत नाही. ते थांबले नाहीत. मान खाली घालून, त्याच एका चालीनं, ते दरीच्या अंगानं आमच्या शेजारून निघाले. चाकाला चाक घासलं. बंकट पोत्यांवर उताणा, तोंडावर पटक्याचा शेव, पोट संथ खालीवर होतंय.

"बंकट! ए बंकट! ऊठ बे!" सिदूनं उडी टाकली. त्यानं मागचं लाकूड धरलं, त्याच्याबरोबर फरफटत गेला. मी ओरडले, अंजना ओरडली. बैलांनी कानसुद्धा हलवला नाही. सिदूनं हात सोडला तेव्हा त्याचे पाय काठाला लागले होते.

गाडी सरळ गेली.

पडल्याचा आवाज आला नाही. पोतं फुटल्याचा नाही, बैल हंबरल्याचा नाही. मी वाट बघत राहिले की आता येईल, आता येईल. सिदू पोटावर पडून खाली बघत होता. तो उठला तेव्हा मातीनं पांढरा झाला होता.

"काय दिसलं?"

"खाली कायबी न्हाई, आक्का."

"काय न्हाई म्हंजे?"

"कायबी न्हाई. बाभळी हायेत. एक फांदी मोडल्याली न्हाई."

मग ऐकू आलं. वळणापलीकडं, खालच्या वाटेवर, घुंगरं वाजत होती. आता दोन गाड्यांची होती. बंकटसाठी माझं काळीज तुटत होतं आणि त्याच वेळी, आम्ही तिघं इथं आहोत, याचा आनंद होत होता. दोन्ही खरं होतं.

७

परत फिरावं तर वाट गाडी वळण्याइतकी रुंद नव्हती. अंजनाला चढ चालवणार नव्हता. ऊन कलायला लागलं होतं आणि अंधारात त्या वाटेवर राहायचा विचारही मला करवत नव्हता. खाली उतरायलाच पाहिजे होतं. सिदूनं बैल भिंतीपासून सोडवले, जरा पुढं घेतले, आणि लगेच दोघांनी माना खाली घातल्या.

"माझं ऐकंना झालेत गं," सिदू म्हणाला. त्यानं कासरा दोनदा ओढून बघितला.

"ते म्होरल्याचं ऐकत्यात," मी म्हटलं. "मग म्होरं मी व्हते."

"तू कावून? मी जातो."

"तू कासरा धर. वडायची येळ आली तर माझ्या हातात दम न्हाई. तोंड म्होरं कर, आणि एक सबूद बोलू नगंस."

मी बैलांपुढं जाऊन उभी राहिले, इतकी जवळ की त्यांचा श्वास पाठीला लागावा. पदर खोचला आणि चालायला लागले. बैल माझ्यामागं निघाले. मी ठरवलं, काही झालं तरी डोळे वाटेवरून काढायचे नाहीत. त्या गाडीत सगळ्यांचं लक्ष आपापसात होतं. आमच्यात निदान एकीचं वाटेवर असू दे. धूळ तोंडावर येत होती, मी ती गिळत होते. घुंगरं पुढं वाजत होती. जिथं ती सरळ जात तिथं मी वळत होते, पायाखालची वाट बघून.

पण लेक मागं होती, आणि मागं बघायचं नव्हतं. आईला यापेक्षा अवघड काम कुणी सांगू नये. ती पडली तर? तिला कळा सुरू झाल्या तर? पहिल्या वळणावर मला राहवलं नाही. मान न वळवता मी हाक मारली, "अंजना!"

"ओ, आई."

जीव भांड्यात पडला. पुढच्या वळणावर पुन्हा हाक मारली, पुन्हा ओ आली. मग प्रत्येक वळणावर मी तेवढंच करत गेले. तिची ओ आली की पायांत बळ यायचं, पुढच्या वळणापर्यंत पुरेल एवढं. एकदा ओ जरा लांबून आल्यासारखी वाटली. मी म्हटलं, डोंगराला आवाज आपटतो, घाटात असंच होतं. एकदा डाव्या अंगानं आली. मी म्हटलं, वाट वळलीय, आवाजही वळणार. मी दमले होते, तळहात ठणकत होते, आणि माझी पोरगी ओ देत होती. मला दुसरं काही नको होतं.

शेवटचं वळण उतरलं. वाट सपाट झाली, कडेला शेतं लागली, कुणीतरी मोटेवर गात होतं. धूळ केव्हा बसली ते कळलं नाही. घुंगरं फक्त आमची राहिली. गेंद्यानं मान वर केली, बांधावरचं हिरवं बघितलं आणि तिकडं ओढायला लागला. मी तेव्हा कुठं मागं वळले.

सिदू तोंड पुढं करून बसला होता, डोळे ताणलेले. त्याच्या पाठीशी अंजना, तोंडात पदराचा बोळा कोंबलेला. मी धावत जाऊन तो काढला. तिला कवेत घेतलं, तोंडावरून हात फिरवला.

"गुणाची माझी बाय," मी म्हटलं. "लई धीर दिलास मला."

तिच्या कपाळाला आठी पडली.

"हरेक हाकंला ओ दिलीस, म्हणून उतरले मी."

अंजनानं मान हलवली. तिच्या पदराच्या बोळ्यावर दातांचे वण खोल उमटले होते. "आई, मी ओ न्हाई दिली," ती म्हणाली. "भ्यानं माझी दातखीळ बसलती. मामाला इचार."

मी सिदूकडं बघितलं. "ओ म्होरनं येत व्हती, आक्का, पर तू बोलू नगं म्हनलीस," तो म्हणाला.

मी तिचा हात धरून तिथंच वाटेच्या कडेला बसले. एवढा घाट मी त्या ओच्या आधारानं उतरले होते.